नानांचं इंग्रजी

ता. ५ नोव्हेंबर १८९५

पुन्हा तांबडी शाई!

‘डिस्कव्हर्ड’ खोडलं. ‘परसीव्ह्ड’ खोडलं. ‘रियलाइज्ड’वर तर अशी आडवी रेघ ओढलीय की कागद फाटायचा राहिला. आणि तिन्हींच्या डोक्यावर काय बसवलं? ‘केम टू नो’! तिन्हींवर तेच! एखादी आळशी बाई सगळ्या भाज्यांना एकच फोडणी देते तशी.

कोर्टाचे वडील कारकून, शिरस्तेदार विश्रामराव टिपणीस हे या पाककलेचे कर्ते. इंग्रजी तिसरी-चौथीपर्यंत शिकले असतील. पुढचं कोर्टाच्या बाकावर बसून कानांनी गोळा केलं. असा माणूस माझं भाषांतर तपासतो!

माझं म्हणजे नानांचं. कोर्टात ते नानांचंच आहे आणि उन्हाळ्यापर्यंत नानांचंच राहिलं पाहिजे. नाना, माझे वडील, कोर्टाचे ट्रान्सलेटर. तालुक्यातून मोडीत लिहिलेल्या जबान्या येतात, त्यांचं नाना जज्जसाहेबांसाठी इंग्रजी करतात. करत होते. पावसाळ्यापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. आधी अक्षरं मुंग्यांसारखी दिसत, आता मुंग्याही गेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला जाऊन मोतीबिंदू काढून घ्यायचं ठरलंय. तोवर कोणाला कळलं तर घरी बसवतील, आणि घरी बसवलेल्या आंधळ्या ट्रान्सलेटरला परत कोण बोलावणार?

म्हणून कागद घरी येतात. सकाळी स्नानं झाली की मी मोडी वाचते, इंग्रजी लिहिते, नाना सही करतात. सही हाताला पाठ आहे. अक्षराची भीती नाही, कारण मी लहानपणी नानांचाच कित्ता गिरवला. त्यांचा ‘टी’ आणि माझा ‘टी’ शेजारी ठेवले तर मलाही वेगळे काढता येत नाहीत.

बी.ए. झाले त्याचा या घराला झालेला पहिला उपयोग हा. आणि त्यावर तांबडी शाई!

ता. ७ नोव्हेंबर

आज नानांना नीट समजावून सांगितलं. ‘फाइंड’ म्हणजे हाती लागणं — शोधत असू वा नसू. ‘फाइंड आऊट’ म्हणजे विचारपूस करून, खोदून काढणं. ‘डिस्कव्हर’ म्हणजे जे होतंच पण झाकलेलं होतं, त्यावरचं झाकण उडणं. ‘परसीव्ह’ म्हणजे इंद्रियांनी टिपणं. आणि ‘रियलाइज’ — डोक्यात आधीपासून असलेली गोष्ट एके दिवशी मनात उतरणं. पाच वेगळ्या गोष्टी! साक्षीदाराला यातलं नेमकं काय झालं हे साहेबापर्यंत पोचायला नको? माणसांची सुटका आणि शिक्षा ज्यावर ठरते तो शब्द ढोबळ चालेल?

नाना म्हणाले, “हं.”

धाकटा भाऊ गोपीनाथ पायरीवर बसून चणे खात होता. म्हणतो, “ताई, पाचांचंही मराठी एकच — कळलं! झालं तुझं भाषांतर.” मॅट्रिकला दोनदा आपटलेला मुलगा. पण नानांना हाताला धरून कोर्टात नेतो-आणतो, ‘बापलेक बरोबर चाललेत’ असं दिसतं, म्हणून त्याला फार बोलता येत नाही.

खरं कारण मला ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी साहेबांनी सगळ्यांसमोर नानांना म्हटलं होतं, “तुमचं इंग्रजी हल्ली तरुण झालंय!” नानांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. विश्रामराव तिथेच उभे होते म्हणे. दिवाळी संपली आणि तांबडी शाई सुरू झाली. मत्सर! दुसरं काय? इतकी वर्षं नोकरी करून आपल्या इंग्रजीला कोणी तरुण म्हटलं नाही, याचा मत्सर.

ता. १० नोव्हेंबर

रविवार म्हणून ते गृहस्थ आज घरी आले. “सहज टेंभी नाक्यावरून चाललो होतो.” सहज! पायघोळ अंगरखा, पगडी, तपकिरीचे डाग पडलेला रुमाल. ओसरीवर बसल्या बसल्या एक चिमूट ओढली आणि असे शिंकले की आत्याच्या हातचं ताट हललं.

कमळाआत्याला कोण आनंद! दारात पाहुणा आला की ती मला विकायला काढते. “पोहे शकूने केलेत हो.”

“असं?” विश्रामराव म्हणाले. “बी.ए.च्या पोह्यांत मीठ असतं का?”

आत्या हसली. नानाही हसले! मी पाणी ठेवायला बाहेर गेले तर या माणसाने तांब्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ. मग आत्याला म्हणतात, “कमळाबाई, मुलीच्या बोटाला शाई आहे.”

“लिहीत असते काहीबाही,” आत्या म्हणाली.

“लिहू दे. पण बायकांच्या बोटाला शाई शोभत नाही. लोकांचं लक्ष जातं. लिंबाने निघते. लिंबू लावायला सांगत जा, रोज.”

रोज! जशी काही गोचीड चिकटलीय. मी बोलले असते तर नानांना जड गेलं असतं. पण उंबऱ्यातून त्यांच्याकडे असं पाहिलं की निदान डाव्या बाजूची मिशी तरी जळायला हवी होती. त्यांनी तपकीर ओढली.

जाताना नानांना म्हणाले, “नाना, तुमचं जुनं इंग्रजीच बरं होतं. या नव्या शब्दांनी मला वाचायला त्रास होतो.”

कबूल केलं एकदाचं! वाचायला त्रास होतो! मग शिका की. पन्नाशीत शिकता येत नाही असं कोणी सांगितलं?

ता. ११ नोव्हेंबर

लिंबू लावणार नाही. शाई राहील. असेल तिथे राहील.

ता. १५ नोव्हेंबर

शेजारच्या गंगुबाईकडे डोहाळजेवण. जावं लागलं. बायका फुलं माळत होत्या आणि मला फळीवरच्या बरणीसारखं बघत होत्या — आत काय आहे, उघडून बघावं की नको.

गंगुबाईची सासू म्हणाली, “एवढी वर्षं मुंबईला मामाकडे राहून शिकलीस, सापडलं काय गं शेवटी?”

“अजून शोधतेय,” मी म्हटलं.

“मग लवकर शोध बाई. वय शोधत बसत नाही.”

हशा. ओटीत नारळ घेऊन परत आले. मनात होतं की यांच्या मुलींचा एक वर्ग ओसरीवर भरवावा, दुपारी दोन तास, फुकट. नकाशा, गणित, थोडं इंग्रजी. आज बोलून दाखवणार होते. त्या हशात कुठे बोलणार? पण भरवणार. नानांचे डोळे झाले की लगेच. त्याच बायका मुलींना घेऊन दारात उभ्या राहतील आणि तेव्हा मी एक अक्षर बोलणार नाही. — नाही, एक बोलेन.

ता. १८ नोव्हेंबर

मोहने गावची जबानी आली. कल्याणच्या पुढे, नदीकाठी. तिथल्या देवीचा चांदीचा मुखवटा देवळातून गेला आणि धाकू नावाच्या कुळाच्या पेंढ्याच्या उडवीत मिळाला. धाकू अटकेत आहे. म्हणतो, उडवी माझी, पण मुखवट्याचं मला काही ठाऊक नाही. उडवी आहे गावाबाहेर, उघड्यावर. कोणीही येऊन काहीही खुपसावं.

साक्षीदार ठमाबाई, त्याची शेजारीण. काय ही जबानी! कारकुनाने तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत. “माझ्या म्हशीनं पेंढा वढला, आनि देवी भायेर आली.”

देवी भायेर आली! स्वतःच्या पायांनी! याचं इंग्रजी काय करायचं? ‘द गॉडेस केम आऊट’? साहेब हसून लोळेल, आणि आपण कसले लोक आहोत याचा त्याला आणखी एक पुरावा मिळेल. नाना म्हणाले, “अगं, खेड्यात देवी सापडली म्हणत नाहीत. माणसाला देवी सापडते होय? ती आपणहून दिसते. ‘आम्हाला सापडली’ म्हणणं म्हणजे उर्मटपणा.”

तो त्यांचा भाबडेपणा झाला. मला वस्तुस्थिती हवी. मुखवटा होता, पेंढ्याखाली झाकलेला होता, म्हशीने पेंढा ओढला, झाकण गेलं. याला इंग्रजीत एकच शब्द आहे आणि तो जणू याच प्रसंगासाठी घडवलेला आहे. ‘द मास्क वॉज डिस्कव्हर्ड इन द रिक ऑफ द अक्यूज्ड’ — आरोपीच्या उडवीत मुखवटा उघडकीला आला.

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. काय सुरेख बसलंय!

ता. १९ नोव्हेंबर

तांबडी शाई. ‘डिस्कव्हर्ड’वर फुली, वर ‘फाउंड’. आणि समासात मराठीत — “हा शब्द नको.”

कारण नाही. हा शब्द नको, बस्स. जसं लहान मुलाला सांगावं, नाकात बोट नको.

आता साफ प्रत मीच लिहिणार. मी नानांना सरळ म्हटलं, “यावेळी मी ऐकणार नाही. तुम्ही आयुष्यभर मला सांगितलंत की खोटा शब्द लिहू नये. आता माहीत असून बोथट शब्द लिहू? एका अर्धशिक्षित माणसाचा अहंकार राखायला?”

नाना म्हणाले, “ते वाईट नाहीत गं.”

“वाईट नसतील. मूर्ख आहेत.”

नाना बोटं चोळत बसले. हल्ली दिसत नाही तर ती बोटं सारखी काहीतरी चाचपत असतात. शेवटी म्हणाले, “तुझी इच्छा. सही कुठे करू?”

मी बोट धरून जागेवर ठेवलं. ‘डिस्कव्हर्ड’ तसाच राहिला. साफ प्रत शिरस्तेदार पुन्हा वाचत नाहीत, नुसता शिक्का मारतात.

ता. २० नोव्हेंबर

गेली प्रत. जिंकले!

ता. ३ डिसेंबर

आज झालं ते सगळं लिहून काढते.

मोहन्याची केस आज उभी राहिली. गोपीनाथ तिथेच होता, नानांच्या मागे. त्याने येऊन सांगितलं ते असं —

सरकारी वकिलांनी माझं वाक्य वाचलं आणि ‘डिस्कव्हर्ड’वर थांबले. म्हणाले, साहेब, हा साधा शब्द नाही. आरोपीने जागा दाखवली आणि त्यावरून माल बाहेर निघाला, तेव्हा कायद्यात हा शब्द येतो. ट्रान्सलेटर जुने आहेत. बावीस वर्षं ‘फाउंड’ लिहिणारा माणूस आज ‘डिस्कव्हर्ड’ लिहितो, त्याला मूळ जबानीत काही आधार असला पाहिजे! म्हणजे धाकूनेच जागा दाखवली!

धाकू पिंजऱ्यात उभा. त्याला काय कळतंय? गोपीनाथ म्हणाला, “ताई, तो नुसता सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.”

साहेब म्हणाले, “ट्रान्सलेटरना बोलवा. मूळ जबानी त्यांच्याच तोंडून वाचून घेऊ.”

नाना पुढे गेले. गोपीनाथला बरोबर जाता येईना. कारकुनाने मोडी कागद नानांच्या हातात दिला. “आणि ताई, नानांनी तो उलटा धरला! उलटा! मी म्हटलं, गेलं! आत्ता गेलं सगळं!”

तेवढ्यात विश्रामराव बाजूने आले आणि नानांच्या हातातून कागद ओढून घेतला. ओढून! नानांच्या वयाचा, जुन्या स्नेहाचा काही विचार? आणि साहेबांना म्हणतात, “साहेब, माफी असावी. ट्रान्सलेटरने ‘फाउंड’च लिहिलं होतं. चांगला शब्द म्हणून मीच बदलून घेतला. चूक माझी.” मग स्वतः मोडी वाचून दाखवली — म्हशीनं पेंढा वढला, देवी भायेर आली. साहेब हसले. ठमाबाईला पुन्हा उभं केलं, धाकू तेव्हा कुठे होता विचारलं. ती म्हणाली, “तो त शेतावर व्हता. त्याला मीच हाक मारून बोलावला.” साहेबांनी लिहून घेतलं. धाकू सुटेल म्हणतात.

आणि मग साहेबांनी विश्रामरावांना भर कोर्टात सुनावलं. “शिरस्तेदार, ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्यावर इंग्रजी सोपवा. पुन्हा त्यांच्या लिहिण्यात हात घालू नका.”

गोपीनाथ म्हणाला, मागच्या बाकावरचे उमेदवार कारकून तोंडावर रुमाल धरून हसत होते. विश्रामराव खाली मान घालून उभे होते. तपकिरीची डबी हातातल्या हातात फिरवत.

धाकूला माझ्या शब्दाने शिक्षा झाली असती. पण शब्द बरोबर होता! कायद्याने त्याला भलतं शेपूट लावलंय हे मला कोणी सांगितलं होतं? “हा शब्द नको” असं लिहिणाऱ्याला कारण लिहिता येत नव्हतं?

ता. ४ डिसेंबर

काल भीतीत होते म्हणून नीट दिसलं नाही. आज दिसतंय.

विश्रामराव काय म्हणाले? “मीच बदलून घेतला.” पण त्यांनी तर ‘डिस्कव्हर्ड’ खोडून ‘फाउंड’ केलं होतं! उलटंच सांगितलं! म्हणजे या माणसाने इतक्या कागदांवर इतकी तांबडी शाई ओतलीय की कोणता शब्द आपला आणि कोणता आपण खोडलेला, हेही त्याला आता आठवत नाही. चांगला शब्द म्हटल्यावर तो आपलाच असणार, असं वाटलं असेल! श्रेय घ्यायला धावला आणि तोंडावर पडला!

“ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्यावर इंग्रजी सोपवा.” हे वाक्य मी आज मनात कितीदा म्हटलं असेल. भाजी निवडताना. आत्याचं लुगडं वाळत घालताना. साहेबाने अगदी माझ्या तोंडचं म्हटलं. आता तांबडी शाई बंद. आता मला हवं ते लिहीन — कायद्याचा कोश मात्र आधी आणायला सांगेन.

नानांचा कागद उलटा होता आणि नेमका त्याच वेळी या माणसाला उर्मटपणा सुचला, हे आपलं नशीब. देवाला वाचवायचं असलं की तो मूर्खांनाही कामाला लावतो.

गोपीनाथला हे सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “ताई, तू त्या वेळी तिथे नव्हतीस.” आणि उठून गेला. पोराला अक्कल येईल तेव्हा येईल.



ता. ८ डिसेंबर

रविवार. नानांनी आज बोलावून जवळ बसवलं. म्हणाले, “विश्रामरावांना माझ्या डोळ्यांचं दसऱ्यापासून ठाऊक आहे. कोर्टात तेच मला सावरून घेताहेत. साहेबांनी ‘इंग्रजी तरुण झालं’ म्हटलं तेव्हा साहेबांच्या मनात प्रश्न होता, शकू, कौतुक नव्हतं. त्या दिवसापासून विश्रामराव माझे जुने कागद काढून बसले — मी कुठे काय लिहायचो बघून तुझे शब्द माझ्यासारखे करत होते. काल वाटेत मला म्हणाले, नाना, आता मला खोडायची मनाई झालीय. तुमच्या लेकीचं इंग्रजी फार उत्तम आहे. उन्हाळ्यापर्यंत तेवढं वाईट लिहायला सांगा.”

नवी जबानी आली होती. साक्षीदाराला एक गोष्ट ‘कळली’ आहे. मनात पाच शब्द आले. लिहिलं — ‘आय केम टू नो.’

वाचून दाखवलं. नाना म्हणाले, “हं. हे माझं.”

उठून आत्याकडे लिंबू मागितलं.